तिसऱ्या अंकातलं उत्तर

पडदा वर जातो. समोर दिवाणखाना. दोन खुर्च्या, एक खिडकी, खिडकीपलीकडे कापडावर रंगवलेला समुद्र. त्या समुद्राचा निळा रंग दर वर्षी उडायचा, कारण पाठीमागच्या भिंतीपलीकडे खरा समुद्र होता आणि त्याची खारी हवा खोट्याला टिकू देत नसे. डावीकडून नायिका येणार, उजवीकडून नायक. प्रेक्षक सावरून बसतात. त्यांना सगळं दिसतं. दिसत नाही तो एकच माणूस.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, कासवाच्या पाठीसारखा एक लाकडी खोका होता. पाठ लोकांकडे, तोंड आमच्याकडे. त्यात छातीपर्यंत जमिनीखाली, स्टुलावर बसलेले आमचे प्रॉम्प्टर. त्यांना सगळे पुटपुटे मास्तर म्हणत. ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते, आणि पुटपुटे हे आडनावही नव्हतं. पण नाटकवाल्यांनी एकदा नाव ठेवलं की आईबापांनी ठेवलेलं नाव कपाटात जातं.

आमचं शहर बेटावरचं. बेटाची अडचण अशी की माणसं येत राहतात आणि जमीन वाढत नाही. कुणी व्यापाराला आलं, कुणी साखर कारखान्यात राबायला, कुणी जहाज नादुरुस्त झालं म्हणून चार दिवस थांबलं ते नातवंडं झाली तरी थांबलेलंच. ज्याने त्याने आपापली गल्ली धरली. आपापला पाववाला, आपापली शाळा, मेल्यावर आपापली जागा. नाट्यगृहाला मात्र दुसरी जागा उरलीच नव्हती. म्हणून एकाच नाट्यगृहात चार भाषांच्या चार कंपन्या वार वाटून घेऊन नाटकं करत: आमची, बंदरवाल्यांची, कारखानेवाल्यांची आणि टेकडीवाल्यांची. मंगळवारी बंदरवाल्यांचा राजा ज्या सिंहासनावर तडफडून मरायचा, त्याच सिंहासनाची उशी बदलून गुरुवारी टेकडीवाल्यांचा नवरा त्यावर पेपर वाचत बसायचा. एका कंपनीची माणसं दुसरीचं नाटक बघायला जात नसत. भांडण नव्हतं. गरज वाटत नसे, इतकंच.

रोज तिथे असणारा माणूस एकच, खोक्यातला.

मास्तरांना दोन भाषा नीट येत होत्या, तिसरी मोडकीतोडकी. टेकडीवाल्यांची चौथी भाषा मुळीच येत नव्हती. तरी ते तिच्यातली नाटकं सांगत. सुरुवातीला त्यांनी एकेका नटाकडून संवाद वाचून घेतले आणि आपल्या लिपीत उतरवले. कुठे श्वास, कुठे दम, कुठे रडू, सगळ्याच्या खुणा. अर्थ सोडून सगळं त्या प्रतींत होतं. प्रवेशात साधारण काय चाललंय हे त्यांना कळे. शब्द मात्र त्यांच्यासाठी नुसता नाद होता.

ही कुजबुजण्याची कला त्यांना घरातच मिळाली होती. आई बंदरवाल्यांची, वडील आमच्यातले. तसं लग्न त्या काळी कुणी करत नसे. ज्यांनी केलं त्यांच्यासाठी दोन्ही गल्ल्यांच्या खिडक्या बंद व्हायच्या. वडील लवकर गेले, आणि पोराला सहा महिने या आजीकडे, सहा महिने त्या आजीकडे असं ठेवलं गेलं. या आजीला ती भाषा घरात नको, त्या आजीला ही नको. "मी आईशी पांघरुणात बोलायचो," ते मला एकदा म्हणाले. "आजी झोपलेली नसायची, पण झोपल्यासारखं करायची. तेवढी चांगली होती ती."

मोठेपणी त्यांना मोठा आवाज काढताच येईना. घशात काही दोष नव्हता, सवयच नव्हती. किराणावाल्याकडे ते बोटानेच वस्तू दाखवत. आणि आम्ही नटमंडळी त्याहून वाईट. मास्तर पुटपुटले की आम्ही ते मोठ्याने म्हणायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं. चहाच्या टपरीवर ते हळूच म्हणत, "एक चहा, साखर कमी," की शेजारचा खलनायक छाती फुगवून गरजे, "एक चहा! साखर कमी!" टपरीवाला दचकून किटली सांडायचा. मास्तर हसत. पण एकदा म्हणाले, "माझं बोलणं मी कधी माझ्या आवाजात ऐकलेलंच नाही बघ."

मी आमच्या कंपनीत नायिकेची मैत्रीण. जन्मभर मैत्रीणच राहिले, नायिका तेवढ्या बदलत गेल्या. आमच्या वेळेचं नाटक नसलं तरी मी कपडेपटात पडलेली असे, कारण टेकडीवाल्यांची कपडेवाली माझी जिवाभावाची. चारही भाषा ती सारख्याच वाईट बोलायची. "मी कुणाचा पक्षपात करत नाही," म्हणायची.

तिच्या कंपनीची नायिका मोठी देखणी होती असं नाही, पण ती उभी राहिली की बाकीचे बसल्यासारखे दिसायचे. तिला एकच खोड होती. ती संवाद विसरायची. भर प्रवेशात थांबायची, मान किंचित खाली करून खोक्याकडे बघायची. मास्तर कुणाला न कळणाऱ्या आवाजात, म्हणजे फक्त तिलाच कळेल अशा आवाजात, पुढचं वाक्य द्यायचे. ती ते घ्यायची, आणि ते वाक्य असं यायचं की थेटराच्या शेवटच्या रांगेत खोकला थांबायचा.

एका वर्षी मास्तर कावीळ होऊन पडले. त्यांच्या जागी कारखान्यातला एक कारकून बसला. नायिकेने तीन अंकांचं अख्खं नाटक एकदाही न अडखळता केलं. पुढच्या गुरुवारीही. त्याच्या पुढच्याही.

मी कपडेवालीला म्हटलं, "बाईंची स्मरणशक्ती सुधारली गं."

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तुला मैत्रिणीचीच कामं का देतात ते आत्ता कळलं. अगं, बाई विसरत नाही. बाई मास्तरांसाठी विसरते."

मास्तर बरे होऊन परतले त्या संध्याकाळी बाई पहिल्याच अंकात तीनदा अडल्या. मास्तरांना वाटलं, आपण नव्हतो तर बिचारीचे हाल झाले असतील. त्यांनी बाईंच्या नाटकांच्या प्रतीत खुणा आणखी ठळक केल्या. कोण कुणाला काय सांगणार? ते दोघं एकमेकांशी नाटकाबाहेरचा एक शब्द बोलले नव्हते. बोलायला भाषाच नव्हती. आणि असल्या गोष्टीचं पुढे काय होतं हे मास्तर पांघरुणातच शिकले होते.

मग बेट रिकामं व्हायला लागलं. मोठी जहाजं खोल पाण्याच्या दुसऱ्या बंदरात जायला लागली. टेकडीवाल्यांचा धंदा जहाजांवर, त्यामुळे आधी त्यांची तरुण मुलं गेली, मग दुकानं, मग शाळा. कंपनीने ठरवलं की त्यांचं सगळ्यात गाजलेलं नाटक रविवारी शेवटचं करायचं आणि पडदा गुंडाळायचा.

त्या नाटकाचा तिसरा अंक प्रत्येक टेकडीवाल्याला पाठ होता, आणि मला त्याचा अर्थ कपडेवालीने सांगितला होता. बायको निघायच्या बेतात असते. ती नवऱ्याला विचारते, "मी जाऊ का?" नवरा पेपरातून मान वर न करता म्हणतो, "जा. दार उघडंच आहे. जाताना ओढून घे." मग ती म्हणते, "एकदा नको म्हणा, मी इथेच बसते." आणि नवरा ते म्हणत नाही. बायका पदर, रुमाल, जे असेल ते डोळ्याला लावायच्या.

त्या आठवड्यात एका दुपारी मी आणि कपडेवाली विंगेत बसून झालर उसवत होतो. थेटर रिकामं. मास्तर खोक्यात बसून वायर का काहीतरी ठीक करत होते. बाई आल्या. अंगावर रोजचेच कपडे, हातात पिशवी. सरळ रंगमंचाच्या पुढे गेल्या, खोक्यासमोर थांबल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मला फक्त शेवटचा स्वर वर गेलेला कळला.

मास्तरांनी मान वर केली. चेहरा उजळला. बाई तालमीला आल्या, समोर नवरा नाही, तेव्हा नवऱ्याचं वाक्य आपणच द्यायचं. प्रत उघडायचीही गरज नव्हती. त्यांनी दिलं. शांत, स्वच्छ, एकही काना न चुकवता.

बाई उभ्याच राहिल्या.

मास्तरांना वाटलं, नेहमीसारख्या अडल्या. त्यांनी हळूच पुढचं वाक्य सांगितलं. बाईंनी पाठ फिरवली. मास्तरांनी पुन्हा सांगितलं, जरा पुढे वाकून. बाई रंगमंचाच्या पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालू लागल्या. मास्तर अर्धे खोक्याबाहेर येऊन तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगत होते. मागचं मोठं दार उघडलं आणि मिटलं.

कपडेवालीने माझा दंड इतका घट्ट धरला की कात्री पडली. "अगं, ही तालीम नव्हती."

"म्हणजे?"

"ती रविवारपर्यंत थांबणार नाहीये. उद्या सकाळच्या बोटीने चाललीय, बहिणीकडे. मला एकटीला सांगितलं होतं. ती खरंच विचारत होती गं, मी जाऊ का म्हणून! आणि या शहाण्याने सांगितलं, दार ओढून घे."

आम्ही दोघी धावलो. मास्तरांना सांगितलं. ते आधी म्हणाले, "तिसरा अंक, दुसरा प्रवेश." मग कपडेवालीने त्यांना त्या वाक्यांचा अर्थ सांगितला. इतकी वर्षं तोंडात घोळवलेल्या शब्दांचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला. नवऱ्याच्या वाक्याचा अर्थ त्यांनी उभ्यानेच ऐकला. पुढच्या वाक्याचा अर्थ सांगितल्यावर मात्र खाली बसले.

"हे मी तिला सांगत होतो?" ते म्हणाले. "एकदा नको म्हणा, हे मी तिला?"

"तीनदा," कपडेवाली म्हणाली. तिला थांबायचं कुठे ते कधी कळलं नाही.

बाईंच्या घरी जायची सोय नव्हती. काका, मामे, निरोपाला आलेली सगळी गल्ली. मास्तर त्या गल्लीत आयुष्यात गेले नव्हते, आणि आज कुठल्या नात्याने जाणार? त्यांनी कपडेवालीला एवढंच विचारलं, "जाऊ नका, याला तुमच्यात काय म्हणतात?" तिने सांगितलं. छोटासा शब्द आहे तो. संध्याकाळभर त्यांनी तो घोटला.

सकाळी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चारही गल्ल्या तिथे होत्या. ट्रंका, गाद्या, पिंजऱ्यातला पोपट, चार भाषांतलं रडणं. रडणं मात्र एकाच भाषेत असतं म्हणतात ते खोटं आहे. प्रत्येक गल्ली वेगळ्या सुरात रडत होती. मास्तर कोट घालून आले होते. मी आणि कपडेवाली त्यांच्या दोन बाजूंना. बाई वरच्या कठड्याशी उभ्या दिसल्या.

मास्तरांनी तो शब्द म्हटला. मी शेजारी होते, मला ऐकू आला. पलीकडे उभ्या असलेल्या हमालालाही आला नसेल.

"मोठ्याने, मास्तर!"

त्यांनी पुन्हा म्हटला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ पूर्ण उघडले, उच्चार अगदी चोख, पण नुसता वारा. भोंगा वाजला. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी ओरडते. माझा आवाज बोटीच्या पार जाईल."

"नको," ते म्हणाले. "तुझा आवाज तिच्या ओळखीचा नाही."

बाईंनी त्यांना पाहिलं. हलणारे ओठ पाहिले. आणि हात वर केला. मास्तर निरोप देतायत असं वाटलं असणार, दुसरं काय? बोट सुटली. रविवारचा खेळ नायिकेवाचून झाला नाही. पडदा न उघडताच गुंडाळला.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती गेलीही तशीच. बंदरवाल्यांची कंपनी बंद पडली, मग कारखानेवाल्यांची, शेवटी आमची. लोक घरात टीव्ही बघू लागले. नाट्यगृह नगरपालिकेने घेतलं, रंगरंगोटी केली आणि बाहेर वारशाची पाटी लावली. तिथला वाटाड्या पाहुण्यांना सांगायचा की हा लाकडी खोका म्हणजे तळघरात हवा येण्यासाठी केलेली सोय. मी चिडले. मास्तर म्हणाले, "बरोबर सांगतोय की. हवाच तर होती."

त्यांची खोली शिडं शिवणाऱ्याच्या जुन्या दुकानावर होती. लोखंडी जिना, एक खाट, स्टोव्ह, भिंतीवर खुंटीला तो एक कोट. जेवायला ते बशी खिडकीच्या कठड्यावर ठेवत आणि उभ्यानेच जेवत. विचारलं तर म्हणत, "बसलं की पुढचं वाक्य सांगावंसं वाटतं, आणि समोर कुणी नसतं."

आणि त्या वयात ते टेकडीवाल्यांची भाषा शिकायला लागले. बेटावर ती बोलणारी पाचसहा म्हातारी माणसं उरली असताना! शिकवणारी कपडेवाली, तिच्या स्वयंपाकघरात. विद्यार्थी भयंकर. त्यांच्या जवळचा सगळा शब्दसाठा नाटकातला. कपडेवाली म्हणायची, "मीठ मागा," की ते म्हणायचे, "हे स्वामिनी, या दुर्भाग्याच्या ताटात मीठ पडो." तिच्या टेकडीवाल्या शेजारणीला त्यांनी एकदा सकाळी जिन्यात विचारलं, "रक्ताचे डाग धुऊन झाले का?" ती बाई आठवडाभर दार लावून बसली. पण चिकाटी सोडली नाही. हळूहळू साधं बोलू लागले: ऊन आहे, गुडघा दुखतो, भाजी महाग झाली. कपडेवाली मला म्हणाली, "आता नीट बोलतात. पण कुजबुजतच. स्वयंपाकघरात बसलो की वाटतं आम्ही दोघं चोऱ्या करायला निघालोय."

तिच्याकडे टेलिफोन होता. गेलेल्यांपैकी कुणी ना कुणी रविवारी दुपारी करायचं. तिकडूनच यायचा, इकडून परदेशी लावायची सोय तिच्या फोनला नव्हती. एका रविवारी फोन आला आणि ती गॅलरीत येऊन चारही भाषांत एकदमच ओरडली, बाईंचा फोन म्हणून. मास्तर समोरच्याच जिन्यावर राहत. ते उतरले, पण लगेच आले नाहीत. आले ते कोट घालून.

"मास्तर, फोनला कोट दिसत नाही!" कपडेवाली म्हणाली.

त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मी तेव्हा तिथेच बसले होते, शेंगा सोलत. ते त्या भाषेत बोलू लागले. घाई नाही, चूक नाही. कपडेवाली माझ्या कानात सांगत होती, "त्या दुपारचं सांगतायत. तालीम वाटली म्हणतायत. आपल्याला अर्थ माहीत नव्हता म्हणतायत." बरंच बोलले. मग थांबले, आणि पलीकडचा आवाज रिसीव्हरबाहेर आम्हालाही ऐकू आला. "हॅलो? हॅलो? कोण आहे?"

बाईंचे कान गेले होते. त्यांना एक अक्षर पोचलं नव्हतं.

"द्या इकडे," कपडेवाली म्हणाली, "मी सांगते एका वाक्यात."

मास्तरांनी पाठ फिरवली. रिसीव्हर तोंडाशी घट्ट धरला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, कान लाल झाले. मला धक्का आठवला, मी डोळे मिटले. आणि मास्तर ओरडले.

आवाज कसा होता सांगू? गंजलेलं दार उघडावं तसा. खिडक्या उघडल्या. खाली सायकलवाला थांबला. कपडेवालीने मला अर्थ सांगितला, "ते नाटकातलं होतं! माझं नव्हतं! माझं नव्हतं ते!"

नंतर ते ऐकत राहिले. थोडंसं हसले. मग रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, आणि जागेवर ठेवला.

"काय म्हणाली?" आम्ही दोघी एकदमच.

"म्हणाली, मग तुमचं काय होतं ते सांगा की."

"मग? सांगितलंत?"

"तेवढ्यात लाईन गेली."

बाई शेजारच्या घरून फोन करत होत्या. नंबर कुणाकडे नव्हता. पण आता त्या परत करणारच, यात आम्हा कुणाला शंका नव्हती. पुढच्या रविवारी मास्तर सकाळीच येऊन बसले. काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं होतं. आम्हाला मात्र सांगेनात. फोन आला तो कपडेवालीच्या भाच्याचा, आणि तिने तो चार शब्दांत तोडला. त्यानंतरच्या रविवारी कुणाचाच आला नाही. मास्तर दर रविवारी येत राहिले, खुर्ची टेलिफोनजवळ ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून. मधूनमधून घसा साफ करत, तयारी ठेवल्यासारखा.

मग एका रविवारी ते आले नाहीत. वर गेलो तर खाटेवर शांत होते. डॉक्टर म्हणाले, पहाटे गेले असतील.

त्याच्या आधीच्या रविवारची गोष्ट. मी आणि कपडेवाली जुन्या झालरींवरून वाद घालत बसलो होतो, कोणी कुठल्या नाटकात कुठला घागरा फाडला त्यावरून, आणि वाद चांगलाच रंगला होता. दुपार टळून गेली होती. मास्तरांनी फोनकडची नजर न काढता हात किंचित वर केला आणि म्हणाले,

"जरा हळू बोला, बायांनो. वाजला तर ऐकू आला पाहिजे."